बोरवेढ्याच्या उपकेंद्राला माझं नाव देऊ नये

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
मौजे बोरवेढे, ता. राहाता

या वहीत शेवटचं पान लिहिलं त्याला चौदा महिने झाले. माफी नेमकी कोणाची मागायची ते कळत नाही, पण मागते. आजारपणाचं कारण पुरेसं नाही. आजारी असताना मी एरवी जास्तच लिहिते. जे लिहायला हवं होतं ते टाळत होते, म्हणून काहीच लिहिलं नाही.

येत्या गुरुवारी नाशिकला हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही, पण घरातलं काही सांगायचं-लिहायचं राहिलं असेल तर आटपून या." राजकारणात वीस वर्षं काढल्यावर अशा वाक्याचा दुसरा अर्धा भाग आधी ऐकू येतो.

वकिलांना फोन केला. साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी मृत्युपत्र होतं, असं ते म्हणाले. म्हणून याच वहीत लिहिते. साक्षीदार म्हणून जुन्या अंगणवाडी सेविका राहीबाई आणि शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक अजिनाथ गुरुजी यांना दुपारी चारला बोलावलं आहे.

मी, दीपा प्रशांत निकाळे, माहेरची दीपा रंभाजी त्रिभुवन, वय ४७, शिक्षण बी.ए., या गावची माजी सरपंच, पंचायत समितीची माजी सभापती आणि जिल्हा परिषदेची माजी सदस्य, हे लिहून ठेवते. जिना चढताना धाप लागते, पण डोकं ठिकाणावर आहे. हे मला कोणी सुचवलेलं नाही, कोणी धाकही घातलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे करावं.

कलम एक. घर.
घराच्या उताऱ्यावर प्रशांतचं आणि माझं अशी दोघांची नावं आहेत. माझा अर्धा हिस्सा मी माझी मुलगी रश्मी हिला देत आहे. प्रशांतनं हयातभर याच घरात राहावं, आणि रश्मीनं त्याला माडीवर नव्हे तर खालच्या खोलीत ठेवावं, कारण वीज मंडळात तीस वर्षं खांबावर चढून त्याचे गुडघे गेले आहेत.

हा उतारा गावातला दोन नावांचा पहिला उतारा. २००५ साली मी सरपंच झाले तेव्हा गावातल्या तीनशे बारा घरांपैकी एकाही चालत्या संसाराच्या उताऱ्यावर बाईचं नाव नव्हतं. चार विधवांची होती, तीही मुलं लहान म्हणून. मी पहिल्यांदा आमच्या घराला नाव लावलं, मग घरोघर फिरले. पारावरची मंडळी म्हणायची, "ताई, आता चुलीचा बी उतारा काढा." मी म्हणायचे, काढते, त्यावर तुमचं नाव लावते. दोन वर्षांत दोनशे नव्वद घरं झाली. पुढं तालुक्यानं ते उचललं, जिल्ह्यानं उचललं, मला व्याख्यानांना बोलावू लागले. माझं जे काही नाव आहे ते याच कामामुळे आहे.

प्रशांतबद्दल एक लिहून ठेवते, कारण तो स्वतः सांगणार नाही. माझ्या पहिल्या मासिक सभेला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला म्हटलं होतं, "मिस्टरांना आत बोलवा, म्हणजे चर्चा करता येईल." प्रशांत बाहेर मोटरसायकलवर बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "साहेब, मी वायरमन आहे. लाइट गेली तर बोलवा." त्यानंतर तो पंचायतीच्या पायरीवर कधी चढला नाही. मी जे चुकले ते नवऱ्याच्या सांगण्यावरून चुकले, अशी सवलत मला त्यामुळे घेता येत नाही.

कलम दोन. जमीन आणि ठेव.
ओढ्याकाठची वीस गुंठे जमीन आणि बँकेतली ठेव रश्मीची. ती राहुरीला शेतीचंच शिकते आहे, तिला कळेल काय करायचं.

एक सूचना मात्र कडक आहे. मी गेले तर सहानुभूतीच्या लाटेवर रश्मीला माझ्या जागी उभं करू नये. तिला स्वतःहून उभं राहायचं असेल तर खुशाल राहावं. माझा फोटो न लावता.

कलम तीन. सत्कारात मिळालेल्या वस्तू.
लोखंडी कपाटात शाली आहेत, दीडशेच्या वर असतील. त्या राहीबाईंनी ऊसतोडीच्या तळावर मजुरांच्या झोपड्यांतून, कोप्यांतून, वाटाव्यात. स्मृतिचिन्हं अजिनाथ गुरुजींनी शाळेसाठी न्यावीत आणि माझ्या नावाची पट्टी काढून मुलांना खो-खोत बक्षीस द्यावीत. काचेची दोन फुटली आहेत, ती घेऊ नयेत.

शिवणयंत्र सासूबाईंचं, भागिरथीबाईंचं, त्यांचं त्यांना परत. त्या अजून चष्मा न लावता दोरा ओवतात. सभापती झाल्यावर मी जेवण टाळून बैठकांना पळायचे तेव्हा त्या दारात उभ्या राहायच्या. "खाऊन जा. तितं नुसता च्या देत्यात आन गोड बोलत्यात, दोन्हीनं पोट भरत न्हाई." मला राजकारणाबद्दल मिळालेला सर्वांत खरा सल्ला हाच.

कलम चार. अंत्यविधी.
आपल्या रीतीप्रमाणे त्रिसरण-पंचशील, आणखी काही नाही. माझ्या अंगावर पक्षाचा झेंडा टाकू नये. गावात फलक लावू नये. शोकसभा घेतलीच तर बोलणाऱ्यांपैकी निम्म्या बायका असाव्यात आणि तालुकाध्यक्षांनी बोलू नये.

तालुकाध्यक्षांवर राग आहे का, हे मी स्वतःला तपासून पाहिलं. आहे. मी तीन निवडणुका जिंकल्या आणि तिन्ही वेळा त्यांनी माझी "आरक्षणाच्या ताई" म्हणूनच ओळख करून दिली. माझा जिल्हा परिषदेचा गट आरक्षणातून सुटून सर्वसाधारण झाला तेव्हा म्हणाले, "ताई, आता तुम्ही मार्गदर्शन करा." म्हणजे घरी बसा. मग तीन वर्षं जिल्हा परिषदेवर प्रशासक, सभागृहाला कुलूप, आणि मी मार्गदर्शन केलं ते आमच्या कोंबड्यांना. परवाच्या सोडतीत गट पुन्हा राखीव निघाला, तसा त्याच संध्याकाळी फोन. "ताई, तब्येत सांभाळा, पण तयारीला लागा. तुमच्याशिवाय आहे कोण?" हे ऐकून मला आनंद झाला, हेही लिहिते. इतकं सगळं होऊन आनंद झाला, यानंच जास्त दमणूक होते.

कलम पाच. उपकेंद्र.
गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावच्या आरोग्य उपकेंद्राला माझं नाव द्यावं. मी हयात आहे, आजारी आहे, आणि निवडणूक जवळ आहे. तिन्ही कारणं मला समजतात. माझी इच्छा अशी की बोरवेढ्याच्या उपकेंद्राला माझं नाव देऊ नये. आता नाही, माझ्या मृत्यूनंतर नाही, कधीच नाही. कारण पुढं देते. ते मी आजवर प्रशांतलासुद्धा सांगितलेलं नाही.

उपकेंद्र मी बांधून घेतलं, हे खरं आहे. त्याआधी बाळंतीण टेम्पोत घालून न्यावी लागायची आणि वर्षातून दोन-तीन बाळं पुणतांब्याच्या रस्त्यातच व्हायची. २००६च्या शेवटी मंजुरी आली. जागेचा ठराव मार्चच्या आत झाला नाही तर निधी परत जाणार होता. रस्त्याला लागून, पाण्याची सोय असलेली जागा एकच होती: गावातल्या मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याची. उताऱ्यावर त्याचं नाव होतं. नव्या गावठाणात तेवढीच जागा बदली मिळाली तर तो द्यायला तयार होता.

त्या जागेतल्या दोन खोल्यांत त्याची बहीण छबूबाई राहायची. नवऱ्यानं टाकल्यावर ती बाविसाव्या वर्षी माहेरी परत आली होती आणि बापानं अर्धी जागा तिला तोंडी दिली होती. बाप गेल्यावर उतारा मच्छिंद्रच्या एकट्याच्या नावावर झाला. मी घरोघर फिरून नवऱ्याशेजारी बायकोचं नाव लावत होते. माझ्या मोहिमेत बायको होती, बहीण नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. लक्षात यायला हवं होतं, कारण छबूबाई माझ्या संध्याकाळच्या सहीच्या वर्गाला रोज यायची.

मी मच्छिंद्रला विचारलं, "छबूबाईंचं काय?" तो म्हणाला, "बहीण माझी हाय ताई, मी बघतो की." तोंडी शब्दावर बाईचं घर सोडू नये, असं मी तेव्हा गावोगाव सांगत होते. मच्छिंद्रचा तोंडी शब्द मी घेतला.

२५ जानेवारी २००७ ला महिला ग्रामसभा होती, दुसऱ्या दिवशी मुख्य ग्रामसभा. महिला सभेला शंभर बायका हव्या होत्या. कांद्याच्या लागवडीचे दिवस, अकरा आल्या. सभा तहकूब केली असती तर पुढच्या सभेत नवा विषय घेता आला नसता, आणि जागेचा विषय नवा होता. तेव्हा सगळी गावं करतात तेच मी केलं. हजेरीची वही काखेत मारली आणि सह्या घ्यायला निघाले. राहीबाई तेव्हा अंगणवाडी सेविका होत्या, त्या शाईचं पॅड घेऊन बरोबर होत्या. घरं झाली, मग वावरं झाली. बायका चिखलाचे हात लुगड्याला पुसून सह्या करत होत्या. दिवस मावळेपर्यंत एकशे सदतीस झाल्या.

छबूबाई मच्छिंद्रच्याच वावरात कांदा लावत होती. राहीबाईंनी पॅड पुढं केलं तसं तिनं हात मागं घेतला. "अंगठा नगं. सही येती मला." उकिडवी बसून, गुडघ्यावर वही घेऊन तिनं नाव लिहिलं. अक्षरं रकान्याच्या बाहेर गेली. मग तिनं विचारलं, "कशाची हाय?"

मी म्हणाले, "हजेरीची. महिला सभेची."

"दवाखान्याचं हाय न्हवं?"

"हो."

"बरं झालं बाई. हुऊ दे दवाखाना."

दवाखाना कुठं होणार हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रात्री ठराव मी स्वतः लिहिला, कारण ग्रामसेवकांचं अक्षर वाचता येत नसे. 'सदर जागेबाबत सभेस उपस्थित महिलांपैकी कोणाचीही हरकत अगर हक्क नाही.' हे माझं अक्षर आहे. 'अगर हक्क' हे दोन शब्द कोणी सांगितले नव्हते. ठराव पक्का दिसावा म्हणून मी घातले.

दोन वर्षांनी खोल्या पाडल्या तेव्हा छबूबाईनं अर्ज केला. सुनावणीत ती म्हणाली, मी कुठल्या सभेला गेलेच नव्हते. अधिकाऱ्यांनी वही तिच्यापुढं ठेवली.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"कोणी जबरदस्तीनं घेतली?"

"न्हाई. माझी मीच केली. ताईंनी शिकिवली."

मी शेजारच्या खुर्चीवर होते. मला विचारलं, "सभा झाली होती ना?" मी म्हणाले, "कागदावर आहे ते बरोबर आहे." अंगठा असता तर 'मला कळलं नाही' असं म्हणायला तिला जागा होती. सही असल्यामुळे ती अर्ज हरली.

बदली जागा मच्छिंद्रच्या नावे झाली. छबूबाई त्याच्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेली आणि आजही तिथंच आहे. वय अडुसष्ट. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला ती उपकेंद्रात येते, बाकावर बसते आणि नव्या नर्सला सांगते, "हितं माझी चूल हुती." तक्रारीचा सूर नसतो. मला रस्त्यात भेटली की म्हणते, "ताई, लई वाळल्या. खाताय का?" तिनं मला शिवी दिली असती तर हे कदाचित आधी लिहून झालं असतं.

मच्छिंद्र दोन वर्षांमागे वारला. त्याचा मुलगा करण आता बदली जागेवर दुकानाचे गाळे काढतो आहे. छबूबाईनं निम्म्या जागेसाठी पुन्हा अर्ज दिला आहे. सुनावणी उद्या, सोमवारी अकरा वाजता, राहात्याला तहसील कार्यालयात आहे. करणच्या वकिलाकडे त्याच ठरावाची नक्कल आहे.

मी गप्प का राहिले, याची कारणं मी अनेकदा मांडून पाहिली. पद जाईल, ही भीती होती. खोटं इतिवृत्त लिहिल्याचा गुन्हा होईल, हीसुद्धा होती. पण एक कारण असं आहे जे मला अजूनही पोकळ वाटत नाही. ती सभा पुढं प्रशिक्षणांत आदर्श म्हणून दाखवली गेली, मीच दाखवली. उद्या मी म्हणाले की ती सभा झालीच नव्हती, तर तालुक्यातला प्रत्येक जण म्हणेल, 'बायकांच्या सभा असल्याच असतात.' ज्या गावांत त्या खरोखर भरतात तिथल्या बायकांना हे ऐकावं लागेल. आणि उपकेंद्रात आजवर झालेली बाळंतपणं, त्यांचं काय? त्या भिंती चुकीच्या आहेत का? मला वाटत नाही. चुकीचा मी लिहिलेला कागद आहे. पण एवढा फरक करायला मला अठरा वर्षं लागली. सुनावणीत विचारणारा वकील तो पाच मिनिटांत मोडेल.

कलम सहा. बंद पाकीट.
वरील हकीकत मी वेगळ्या कागदावर सही करून लिहीत आहे. त्याबरोबर माझी २००७ सालची रोजनिशी जोडत आहे. २५ जानेवारीच्या पानावर लिहिलं आहे: 'महिला सभा. उपस्थिती १३७. छान.' म्हणजे मी स्वतःच्या वहीशीही खोटं बोलले. पण पान उलटलं की मागच्या बाजूला कोणाची सही कुठं आणि किती वाजता घेतली याची यादी आहे. माझी प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची खोड. 'छबूबाई, मच्छिंद्रचं कांद्याचं वावर, सव्वाचार.' एवढा पुरावा पुरेसा असावा. हे पाकीट माझ्या मृत्यूनंतर रश्मीनं छबूबाईंच्या हाती द्यावं.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं होतं. पुढचं आता संध्याकाळी सहा वाजता लिहिते, कारण चारला साक्षीदार आले आणि कलम सहा तसं राहिलं नाही. मृत्युपत्रात हे लिहायची गरज नसेल, पण खोडलेल्या ओळींचं कारण मागं राहिलेलं बरं.

अजिनाथ गुरुजींनी आल्या आल्या पेन काढलं. राहीबाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"काय लिव्हलंय ते वाच," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "काकू, साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते. मी तुमच्यासमोर सही केली, एवढीच साक्ष द्यायची."

"कोन म्हनलं?"

"कायदा."

"कायदा ऱ्हाऊ दे. वाचल्याबिगर सही करायची न्हाई म्हनून गावभर कोन वराडत हुतं? मी व्हय?"

गुरुजी हसले. "राहीबाई, तुम्ही कचेरीत असतात तर एक फाइल पुढं सरकली नसती."

"सरकिवली की एकदा, गुरुजी. हिच्यासंगं वावरावावरानं. तेवढी बास झाली."

मी सगळं वाचून दाखवलं. शालींपाशी त्या म्हणाल्या, "टोचत्यात मेल्या, पर थंडीत कोन बघतंय." कोंबड्यांपाशी गुरुजी पुन्हा हसले. पाचवं कलम मी न थांबता वाचलं. सहावं वाचून झाल्यावर राहीबाईंनी विचारलं, "म्हंजी हे छबूला तू मेल्यावर मिळायचं?"

"हो."

"आन तू वाचलीस म्हंजी?"

हा प्रश्न मी सकाळपासून स्वतःला विचारला नव्हता. एरवी मी स्वतःला किती प्रश्न विचारते! म्हणाले, "मग पाकीट कपाटात राहील."

"किती वरीस?"

"झडप पंधरा-वीस वर्षं टिकते म्हणतात," गुरुजी हळूच म्हणाले.

"छबू अडुसष्टची हाय," राहीबाई म्हणाल्या. "आन सुनावनी उद्याच्याला हाय, असं तूच लिव्हलंय."

गुरुजींनी मला समजावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. "दीपा, उद्या तू तिथं बोललीस तर तिकीट गेलं. त्यापेक्षा निवडून ये. अधिकार हातात असला की छबूबाईला दुसरीकडे जागा देता येईल, घरकुल देता येईल. आधी काम पदरात पाडून घ्यावं, बाकीचं मागाहून नीट करता येतं."

"गुरुजी, हेच मी २००७ साली स्वतःला सांगितलं होतं."

मी राहीबाईंना म्हणाले, "मी बोलले तर तुमचंही नाव येईल, काकू."

"येऊ दे की. पॅड माझ्या हातात हुतं. अठरा वरसं झाली, मला कुनी इचारलं न्हाई. तू बी न्हाई. मी म्हनलं, ताई शिकलेली हाय, तिला ठावं आसंल." मग म्हणाल्या, "माझं काय काढून घेत्याल? पेन्शन हाय का मला?"

मला त्या वेळी जोराची धाप लागली. राहीबाईंनी पाठीवर हात फिरवला आणि सासूबाईंना पाणी आणायला सांगितलं. सासूबाई पाणी घेऊन आल्या, कोणाकडे न बघता म्हणाल्या, "मी आतून आयकलं सगळं. पाणी पी आदी." प्रशांतला मी तो घरी आल्यावर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "गाडी किती वाजता काढू?"

म्हणून कलम सहा मी आडव्या रेघेनं खोडलं आहे. त्याऐवजी असं वाचावं:

कलम सहा. मी जिवंत असताना स्वतःच्या तोंडानं सांगू शकते ते मी मृत्युपत्रात ठेवत नाही. मेलेल्या माणसाला कोणी उलट प्रश्न विचारू शकत नाही. मला ते सोयीचं होतं, आणि म्हणूनच ते पाकीट मी सकाळी इतक्या नेटकेपणानं लिहू शकले. २००७ ची रोजनिशी मी स्वतः हजर करेन. उद्या मी बोलू शकले नाही, मग कारण प्रकृती असो की भित्रेपणा, तर ती रोजनिशी राहीबाईंच्या ताब्यात द्यावी आणि त्यांना बोलू द्यावं.

कलम सात. माझ्या बाकीच्या रोजनिश्या रश्मीच्या. त्या छापू नयेत, जाळूही नयेत. कोणत्याही बाईला तिच्या सहीबद्दल किंवा सभेबद्दल कागद हवा असेल तर त्यातलं पान तिला दाखवावं.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रश्मीनं करावी. प्रशांतनं तिला मदत करावी आणि भांडू नये. भांडण झालंच तर ते भाजीवरून असावं, माझ्यावरून नको.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा एकदा वाचलं. खोडलेल्या जागी माझी छोटी सही आहे. कलम पाचमधलं 'वाटत नाही' बदलून काहीतरी ठाम लिहावं असं मनात आलं, पण तसं ठाम मला अजून वाटत नाही, म्हणून राहू दिलं.

सही: दीपा प्रशांत निकाळे

हा मजकूर आम्हांला पूर्ण वाचून दाखवला, चारनंतर लिहिलेला भागही सातच्या सुमारास पुन्हा बसून ऐकला, आणि त्यानंतर दीपा निकाळे यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. म्हणून आम्ही सही करत आहोत.

साक्षीदार १: राहीबाई (निवृत्त अंगणवाडी सेविका, बोरवेढे)
साक्षीदार २: अजिनाथ (निवृत्त मुख्याध्यापक, बोरवेढे)

स्थळ: मौजे बोरवेढे, ता. राहाता, जि. अहिल्यानगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

उद्या: निघण्याआधी गोठ्यामागं जाऊन छबूबाईंना स्वतः सांगणं, की आज मी कोणाच्या बाजूनं बोलणार आहे.